दोन शर्यतींच्या मधले दिवस: टाकीतल्या रेस पेट्रोलचं काय करायचं?

गणपती विसर्जन झालं, पावसाने जरा उसंत घेतली आणि मी माझ्या यामाहा आर१५ मोटरसायकलवरचं कव्हर काढलं. मे महिन्यातल्या शेवटच्या ट्रॅक डेनंतर गाडी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, स्टिल्ट पार्किंगच्या अगदी कडेच्या खांबाला लागून उभी होती. टाकीत शंभर ऑक्टेनचं (हा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल इंजिनात अवेळी पेटत नाही) चारेक लिटर पेट्रोल. ‘यात इथेनॉल नाही, चार महिन्यांत काय होणार’ म्हणत मीच ठेवलेलं. हातपंपाची नळी टाकीच्या तळाला टेकवून पहिला उपसा मोरांब्याच्या रिकाम्या बरणीत घेतला. बरणी उजेडात धरली तर आत दोन मजले. वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ आणि तळाशी चिमूटभर तांबूस गंज. सगळं मिळून चहाचा एक कप भरेल इतकं पाणी निघालं.

ठाण्यातला कुठलाही मेकॅनिक यावर एकच उत्तर देतो: ‘हवा दमट आहे ना आपली, टाकीला आतून घाम येतो.’ मीही कित्येक वर्षं तेच मानत होतो. पण एकदा हिशेब करून बघा. ३० अंश तापमानाला पूर्ण ओलसर हवेच्या एका लिटरमध्ये जेमतेम ०.०३ ग्रॅम बाष्प मावतं. टाकीत पाच लिटर जागा रिकामी असेल तर तिथली सगळी वाफ थेंब होऊन पडली तरी ०.१५ ग्रॅम, म्हणजे तीन थेंब. दिवस-रात्रीत १० अंशांचा फरक धरला तर टाकी रोज पाव लिटरसुद्धा हवा आतबाहेर करत नाही. अशा हिशेबाने चार महिन्यांत चहाचा छोटा चमचाही भरत नाही. मग माझा कपभर कुठून आला?

वरून आला. आर१५ सारख्या गाड्यांचं टाकीचं झाकण खळग्यात बसलेलं असतं आणि खळग्यात पडलेलं पाणी खाली सोडायला एक बारीक भोक असतं. त्या भोकापासून एक नळी टाकीच्या पोटातून थेट खाली जाते. माझं भोक ट्रॅकवरच्या मातीने बुजलं होतं. जुलैतल्या तिरप्या पावसाने कव्हर भिजलं, खळग्यात तळं साचलं, आणि रात्री टाकी गार होऊन आत ओढ बसली की झाकणाच्या जुन्या रबराखालून थोडं थोडं पाणी आत खेचलं गेलं. रोज एक चमचा आत गेला तरी महिन्याभरात कप भरतो.

तेव्हा सगळ्यात आधी हे करा. झाकण बंद ठेवून खळग्यात अर्धी वाटी पाणी ओता. काही सेकंदांत ते इंजिनाखाली टपटपलं पाहिजे. नाही टपकलं तर नायलॉनचा जाड धागा हळूहळू आत सरकवून भोक मोकळं करा. तार वापरू नका. तार त्या आतल्या नळीला भोक पाडते, आणि मग पावसाला टाकीत उतरायचा राजमार्गच मिळतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला. एवढं केलंत तर पुढच्या निम्म्या कटकटी होणारच नाहीत.

कॅनमध्ये आहे तरी काय?

‘रेस पेट्रोल’ या एका नावाखाली आपल्याकडे चार अगदी वेगवेगळ्या वस्तू फिरतात, आणि साठवताना प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

पहिलं म्हणजे पंपावर मिळणारं शंभर ऑक्टेनचं. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० ला एक्सपी१०० आणलं, मथुरेच्या रिफायनरीतून. ठाण्या-मुंबईतली बहुतेक हौशी मंडळी हेच वापरतात, मीही. ९५ आकड्याचं प्रीमियम पेट्रोल हा वेगळा प्रकार. नावात प्रीमियम आहे म्हणून त्यात इथेनॉल नाही असं धरून चालू नका. साध्या पेट्रोलचा तर प्रश्नच नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सुरू झालं आणि २०२५ पर्यंत तेच नेहमीचं पेट्रोल होऊन बसलं.

दुसरं, शिसंवालं. परदेशी डब्यातलं ११० ऑक्टेनच्या आसपासचं, किंवा कुणीतरी कुठूनतरी ‘जमवून’ आणलेलं विमानाचं १००एलएल. त्या विमानाच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. आपल्याकडे गाड्यांचं शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद आहे, आणि त्यामागे कारण आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत ते घातलं तर दोन्ही निकामी होतात. साठवणीच्या बाबतीत मात्र हा प्रकार बऱ्यापैकी शांत. त्यात चटकन गोंद धरणारे घटक कमी असतात. फक्त त्याला उजेड सोसत नाही, म्हणून पारदर्शक कॅन चालत नाही.

तिसरं, ऑक्सिजनेटेड, म्हणजे ऑक्सिजन असलेली रसायनं मिसळलेलं. हे खरं आडदांड. पॉवर देतं, पण रबर, नळ्या, सील यांना फुगवतं नाहीतर कडक करतं. रात्रभरसुद्धा गाडीत ठेवू नये.

चौथं, मिथेनॉल किंवा इथेनॉलप्रधान मिश्रण. हे हवेतलं पाणीही ओढून घेतं, ॲल्युमिनियम आणि जस्त खातं, आणि कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पांढरी जेली करून ठेवतं. मिथेनॉलबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. ते पाण्यासारखं दिसतं आणि दारूसारखं वास मारतं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते एक मिनिटसुद्धा ठेवू नका, आणि घरी तर आणूच नका.

इथेनॉल आहे की नाही हे ओळखायची घरगुती परीक्षा सोपी आहे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात १०० मिलीचा खुणा केलेला काचेचा सिलिंडर मिळतो. त्यात १० मिली पाणी घ्या, वरून १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, तोंड बंद करून मिनिटभर हलवा आणि पाच मिनिटं स्वस्थ ठेवा. पाण्याची पातळी १० लाच राहिली तर अल्कोहोल नाही. साध्या पंपाच्या पेट्रोलला ती पंचविशीच्या आसपास चढते, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. मी प्रत्येक नव्या भरण्यानंतर हे करतो. पंपावरच्या पाटीपेक्षा माझा सिलिंडरवर विश्वास जास्त. एक लक्षात असू द्या, तिसऱ्या प्रकारातले एमटीबीईसारखे ऑक्सिजनेट या परीक्षेत सापडत नाहीत. तिथे डब्यावरचा कागदच वाचावा लागतो.

पुढची राइड कधी आहे?

टाकीचं काय करायचं हे दोनच गोष्टींवर ठरतं: पेट्रोल कुठलं आणि गाडी किती दिवस उभी राहणार.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराला दिवस विचारायचेच नाहीत. शर्यत संपली की त्याच संध्याकाळी टाकी उपसायची, साधं पेट्रोल घालून इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे नळ्या आणि जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) धुऊन निघतात. पाय दुखत असतात, सगळे जेवायला निघालेले असतात, तरीही. ट्रॅकवर हे काम पंधरा मिनिटांचं असतं. दुसऱ्या रविवारी घरी करायला गेलात तर अख्खा दिवस जातो.

पहिल्या प्रकाराचं शंभर ऑक्टेन आठवडा-दोन आठवडे टाकीत राहिलं तर मी काहीच करत नाही. झाकण घट्ट, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद, गाडी सावलीत. महिना-दीड महिना असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवतो आणि कार्बचा बाऊल रिकामा करतो. शिसंवालं मात्र दोन आठवड्यांच्या पुढे टाकीत ठेवू नका. ते खराब होईल म्हणून नाही. टाकीला व्हेंट, म्हणजे हवा आतबाहेर जायची वाट असते, आणि व्हेंटमधून सगळ्यात हलके घटक आधी उडतात. राहिलेलं पेट्रोल ऑक्टेनने फारसं उतरत नाही, पण थंड इंजिन सुरू व्हायला नखरे करतं, आणि ज्या जेटिंगवर (जेटच्या मापांच्या जुळवणीवर) तुम्ही शनिवारची अख्खी दुपार घालवली ते जेटिंग आता त्याला लागू पडत नाही. एवढे पैसे मोजून आणलेली वस्तू वाफ करून सोसायटीला फुकट वाटायची कशाला?

आणि पावसाळा? जून ते सप्टेंबर हा आमच्याकडे एकच मोठा खाडा. त्यासाठी गाडी वेगळी तयार करावी लागते. ते पुढे येईलच.

मध्येच गाडी रेल्वे पार्सलने कोइमतूरला करी स्पीडवेच्या ट्रॅकवर किंवा चेन्नईकडे पाठवणार असाल तर टाकी कोरडीच लागते, त्याशिवाय पार्सल घेत नाहीत. आणि पेट्रोलचा कॅन घेऊन लोकलमध्ये चढू नका, ठाणे-वाशीचा अर्ध्या तासाचा प्रवास असला तरी. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, आणि डब्यातल्या गर्दीत एक कॅन उलटला तर काय होईल याची कल्पना करायलाही नको.

टाकी उपसताना

बेसमेंटमध्ये आणि पोडियमच्या बंद पार्किंगमध्ये हे काम करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरकते आणि खड्ड्यात बसते. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका टोकाला पंपरूम आहे, चार पायऱ्या खाली. दुसऱ्या टोकाला मीटरची खोली आणि आता दोन इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जिंग पॉइंट. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्का झाली की ठिणगी पुरते, आणि पंपाच्या स्विचची ठिणगी कुणाला विचारून पडत नाही. मी सकाळी सहा-साडेसहाला गाडी ढकलत गेटच्या आत मोकळ्या जागेत आणतो. त्या वेळी ऊन नसतं, वारा असतो आणि मुलं खाली उतरलेली नसतात. वॉचमनला आधी सांगून ठेवतो, नाहीतर तो बिडी पेटवून गप्पा मारायला येतो. एकदा आलाच होता.

लागणारं सामान: झाकण असलेला धातूचा कॅन, फुगा असलेला हातपंप, नायट्राइलचे हातमोजे, फडकं, काचेची बरणी आणि हाताशी पावडरचा आग विझवणारा सिलिंडर. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं, आग विझत नाही. तोंडाने नळी ओढायची मर्दुमकी कुणी करू नये. एक घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो, आणि पोटात गेला तर उलटी काढायची नसते, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

कॅन जमिनीवर ठेवा. डिकीतल्या प्लॅस्टिकच्या शीटवर किंवा स्कूटरच्या फूटबोर्डवर ठेवून भरू नका, स्थिर वीज साठते. दोन्ही टोकांना चिमटे असलेली तांब्याची वायर घ्या, एक चिमटा कॅनला, दुसरा फ्रेमच्या उघड्या बोल्टला. हे झाकण उघडायच्या आधी. नायलॉनचं जॅकेट काढून ठेवा. पंपाची नळी कॅनच्या तळाशी नेऊन हळूहळू उपसा. वरून धार सोडली की वाफही जास्त आणि स्थिर वीजही.

पहिला पेलाभर उपसा नेहमी तळातून आणि काचेच्या बरणीत. दोन थर दिसले तर पाणी आहे. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ही गोष्ट अधिक वाईट. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंशाला साधारण अर्धा टक्का पाणी मुरवून घेतं, म्हणजे दहा लिटरमागे ५० मिली. २० टक्क्यांचं त्याहून थोडं अधिक. तेवढं होईपर्यंत काहीच दिसत नाही. त्यापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून खाली बसतात, पंप आधी तेच ओढतो, आणि वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन उतरलेलं असतं. असं फाटलेलं पेट्रोल हलवून पुन्हा एक होत नाही. कुठलंही औषध घाला, होत नाही.

कार्बवाल्या गाडीत, माझ्याकडे ती यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स १३५, कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं आणि संपलं असं समजायचं, हे अर्धंच काम. बाऊलमधली पातळी खाली गेली की मेन जेटला हवा लागते आणि इंजिन थांबतं, पण बाऊलच्या तळाशी थोडं पेट्रोल तसंच राहतं. तेच आटून पायलट जेटमध्ये पिवळा गोंद धरतं. म्हणून बाऊलचा ड्रेन स्क्रू उघडून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. स्क्रूखालचा ओ-रिंग त्याच वेळी बघा, दोन रुपयांची वस्तू असते आणि नेमकी तीच गळते.

इंजेक्शनवाल्या गाडीत उलटं. पंप कोरडा चालवू नका. टाकीत बुडालेल्या पंपाला गारवा आणि वंगण पेट्रोलच देतं. टाकी हातपंपाने उपसा. पुढची नळी सोडवायची असेल तर आधी पंपाचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, कारण त्या नळीत अडीच-तीन बार दाब असतो आणि नळी सुटली की फवारा थेट डोळ्यांत.

पावसाळ्यासाठी टाकी: भरलेली की रिकामी?

यावर भांडणं होतात. माझं मत टाकीवर आणि गाडीवर ठरतं.

आरएक्सची लोखंडी टाकी मी रिकामी करतो. वर केलेला हिशेब आठवतोय ना, हवेतून येणारं पाणी तीन थेंब. पेट्रोलला ते क्षुल्लक, पण कोऱ्या लोखंडी पत्र्याला गंज चढायला तेवढा ओलावा पुरतो. म्हणून टाकी उपसून, झाकण उघडं ठेवून मोकळ्या वाऱ्यात पूर्ण सुकू देतो, मग १०० मिली टू-टी ऑइल ओतून टाकी सगळ्या बाजूंनी उलटीपालटी करतो, सत्यनारायणाचा शिरा ढवळावा इतक्या निगुतीने. जास्तीचं ऑइल काढून घ्यायचं, झाकण लावायचं. आत कधीकाळी कुणी इपॉक्सीचा लेप दिला असेल किंवा टाकी फायबरची असेल तर इथेनॉलचं पेट्रोल त्यात मुळीच सोडू नका. ते लेप मऊ करतं आणि त्याचे पापुद्रे जेटमध्ये जाऊन बसतात.

आर१५ ची टाकी भरून ठेवतो, कारण पंप कोरडा पडलेला मला नको. इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेन, त्यात बाटलीवर लिहिलेल्या मापाने स्टॅबिलायझर. ते घालून इंजिन दहा मिनिटं चालवायचं म्हणजे इंजेक्टरपर्यंत तेच पेट्रोल पोचतं. गळ्यापर्यंत मात्र भरायचं नाही. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. सकाळी भरलेल्या दहा लिटरला दुपारी १५ अंश जास्त तापमान मिळालं तर दीडशे मिली जागा लागते, आणि ती नाही मिळाली तर पेट्रोल व्हेंटमधून पार्किंगच्या फरशीवर. स्टॅबिलायझरकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. तो हवेने होणारी नासाडी लांबवतो. उडून गेलेले हलके घटक परत आणत नाही, उतरलेलं ऑक्टेन चढवत नाही, पाणी तर नाहीच नाही. शिळ्या पेट्रोलात घातला तर फक्त बाटली संपते.

‘दर रविवारी दोन मिनिटं चालू करून ठेव’ हा सल्ला मी ऐकत नाही. दोन मिनिटांत सायलेन्सर गरमसुद्धा होत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी आतच राहतं आणि इंजिन ऑइलमध्येही मिसळतं. वीस मिनिटं फिरवणार असाल तर चालू करा, नाहीतर हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची पट्टी. माझ्या आरएक्सचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीसाठी. आर१५ चा मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) शंभर ऑक्टेनसाठी बसवलाय. अशा गाडीत ठेवणीसाठी किंवा धुवायला म्हणून साधं पेट्रोल घातलं आणि तीन महिन्यांनी विसरून पूर्ण थ्रॉटल दिला, तर नॉकिंगने, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी, पिस्टनला भोक पडतं. म्हणून टाकीत रेसचं सोडून दुसरं काही गेलं की मी किल्लीला लाल इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळतो. वहीत लिहिलेलं विसरतं, भावाला सांगितलेलं तो विसरतो, किल्ली मात्र हातात घ्यावीच लागते.

उपसलेलं पेट्रोल ठेवायचं कुठे?

कायदा इथे बराच स्पष्ट आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ च्या कलम ८ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येतं. पण भांडं घट्ट बुचाचं हवं: काच किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकचं त्यात नावच नाही. म्हणजे तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून बाल्कनीत ठेवलेलं वीस लिटर कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही. हे सगळं बघणाऱ्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सोसायटीचे नियम याहून कडक असू शकतात. सेक्रेटरींना आधी विचारलेलं बरं.

फ्लॅटमध्ये कॅन ठेवू नये, हे माझं ठाम मत. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि गॅस गीझर, स्वयंपाकघरात शेगडी, देवघरात समई. आपल्या घरात उघडी ज्योत नसलेली जागा शोधून दाखवा. माझा कॅन वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्यात असतो, पोटमाळ्याखाली, वेल्डिंगच्या कोपऱ्यापासून दूर, लाकडी फळीवर. फळी यासाठी की ओल्या लादीवर पत्र्याचा तळ खालून गंजतो.

वीस लिटरच्या एका कॅनपेक्षा पाच लिटरचे चार बरे. अर्धा भरलेला मोठा कॅन म्हणजे वाफेला अर्धी जागा. लहान कॅन एकेक करून संपवता येतात. पाच टक्के जागा मोकळी ठेवा. मे महिन्यात कॅन टुम्म फुगलेला दिसेल, झाकण हळूहळू सैल करा. प्रत्येक कॅनवर कागद चिकटवा: काय आहे, कधी भरलं, ऑइल मिसळलंय का. टू-स्ट्रोकवाल्यांनी मिश्रण साठवूच नये. ३०:१ ला लिटरमागे ३३ मिली, हे गणित ट्रॅकवर करायला मिनिट लागतं. एरंडेलाच्या बेसचं रेसिंग ऑइल तर उभ्या कॅनमध्ये खाली बसतं, आणि मग वरचं पेट्रोल ऑइलशिवाय इंजिनात जातं.

खरं सांगायचं तर उरवायचंच कमी. पहिल्या प्रकारचं जे उरतं ते मी रोजच्या स्कूटरमध्ये घालतो, महिनाभरात संपतं. शिसंवालं कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाडीतच जाळता येतं. पाणी उतरलेलं कुठेच घालता येत नाही. ते बंद कॅनमध्ये बाजूला ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडेच द्या. गटारात तर मुळीच ओतू नका. घोडबंदरचे नाले खाडीला मिळतात, तिकडे ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो असतात, आणि त्याआधी वाटेत कुणीतरी नाल्याच्या कडेला काडी पेटवतंच.

दसऱ्याच्या आधी

आमचा हंगाम दसऱ्याला उघडतो. गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा होते, तेव्हा उदबत्ती लावायच्या निदान एक दिवस आधी पेट्रोलचं सगळं काम उरकून टाका.

टाकीच्या तळातून बरणीभर काढून बघा: थर, गंज, रंग. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो. शिळ्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. वासावर भरवसा नसेल तर हायड्रोमीटर घ्या. आपल्याकडच्या पेट्रोलची घनता १५ अंशाला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या मध्ये असते. पंपावर मागितली तर दाखवतात. तुमच्या पेट्रोलची भरतानाची घनता आणि तापमान वहीत लिहून ठेवलेलं असेल तर आता पुन्हा मोजा. तापमान एका अंशाने वाढलं की आकडा ०.८ ते ०.९ ने उतरतो, तेवढा फरक हिशेबात धरा. तरीही घनता स्पष्ट वाढलेली दिसली तर हलके घटक उडालेत. ते पेट्रोल शर्यतीला नाही, स्कूटरला. माझ्या वहीत गेल्या तीन हंगामांचे आकडे आहेत, आणि टाकीत ठेवलेलं दर वेळी कॅनमधल्यापेक्षा जड निघालंय.

कार्बचा बाऊल एकदा उघडून जेट उजेडात धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे. पेट्रोलची नळी दोन बोटांत वाकवा. पिवळी, कडक किंवा फुगलेली असेल तर फेका. नवं पेट्रोल लिटर-दोन लिटरच घाला, आरएक्समध्ये ताजं मिश्रण. इंजिन सुरू करा, दहा मिनिटं चालू द्या, मग बंद करून ड्रेन स्क्रूखाली आणि कॉकखाली कोरडा कागद धरा. डाग पडला तर घट्ट करा आणि पुन्हा दहा मिनिटं. कागद कोरडा निघाला की टाकीतलं राहिलेलं उपसून शर्यतीचं भरा. किल्लीची लाल पट्टी त्यानंतर काढा.